बाबांच्या बुटांचा नंबर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रोज व्हिडिओ कॉल होतो, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. पण तुम्ही घराबाहेर पडायचा विषय मी काढला की आई फोन छताकडे वळवते आणि बाबांना नेमकं तेव्हाच काहीतरी काम आठवतं. पत्राला तसं टाळता येत नाही.

11 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महासाथ म्हटलं आणि मी तुमच्यावर दमदाटी सुरू केली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, वयस्करांना धोका जास्त आहे. आलेलं पार्सल तीन दिवस बाहेरच ठेवायचं. हात वीस सेकंद धुवायचे, आणि बाबा मोठ्यानं आकडे मोजत धुवायचे. बँक, बिलं, डॉक्टरांचा सल्ला, सगळं फोनवर करायला मीच शिकवलं. मला वाटलं होतं, चार महिन्यांचा प्रश्न आहे.

5 मे 2023 रोजी त्याच संघटनेनं जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. तुम्हाला मात्र ‘आता बाहेर पडा’ हे सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं. घरात बसवताना दिवसातून तीन फोन करत होते.

मागच्या खेपेला दाराशी बाबांचे चालायचे बूट दिसले. वरून अगदी नवे. उचलले तर तळाचा भुगा होऊन हातात आला. न वापरता ठेवले की बूट असे आतून विरतात म्हणे. शेजारीच दाराची मूठ, सॅनिटायझरनं पुसून पुसून रंग उडालेली. आणि खिडक्या सगळ्या बंद! बाबा, वस्तूंना हात लावून हा आजार फारसा पसरत नाही, तो मुख्यतः हवेतून पसरतो, हे पुढे स्पष्ट झालं. तेव्हा पार्सलं पुसणं सोडा आणि खिडक्या उघडा. हात धुणं चालू ठेवा, साबणानं विषाणूचं स्निग्ध आवरणच फुटतं. फार गर्दी असेल तिथे मास्क लावा, मीही लावते. पण कोपऱ्यापर्यंत जायला काय हरकत आहे?

माझंही बदललंच की. ऑफिसला आठवड्यातून तीनच दिवस जाते. तासाभराच्या बैठकीसाठी पहाटेचं विमान पकडायचे, ते बंद झालं. 2019 मध्ये जगभरात विमानानं सुमारे 450 कोटी प्रवासी गेले होते, 2020 मध्ये जेमतेम 180 कोटी. पुढे विमानं पुन्हा भरली, पण माझे ते दौरे काही परत आले नाहीत, आणि खरं सांगू, मला त्याचं काडीचं दुःख नाही. उलट तुमच्याकडे तीन-तीन आठवडे राहता येतं. राहता येतं म्हणजे काय, मी खोलीत हेडफोन लावून बसते आणि आई स्वतःच्याच घरात चवड्यांवर चालते. आई, तसं चालू नकोस गं. भांडं पडलं तर पडू दे, बैठकीत सगळ्यांच्याच घरातली भांडी पडतात.

शनिवारी येतेय. रजा मिळाली नाही, त्यामुळे लॅपटॉप असेलच. पण माझं काम नऊला सुरू होतं, सहा ते आठ मी मोकळी आहे आणि तुम्हीही आहात. बाबा, बुटांचा नंबर कळवा. आई, तुझा विचारत नाही. आपला एकच आहे, मी घालून बघून घेईन.

तुमची,
लेक