न उतरवलेल्या इंजिनाबद्दल आभार

बाई, सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता. मागच्या वेळी तर "ते राहू दे, आधी बेल्टचे दात मोज," म्हणालात. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही, आणि माझदाची जुनी एमएक्स-५ ही दोन आसनी मोटार सांभाळणाऱ्या आणखी चार जणांच्या उपयोगीही पडेल.

आभार कशाचे, ते आधीच सांगून टाकतो. तुम्ही मला इंजिन उतरवू दिलं नाहीत, त्याचे.

माझी गाडी तुमच्याच गाडीची बहीण. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदाने हे मॉडेल दाखवलं, आणि माझी १९९० सालची. जपानात युनोस रोडस्टर, अमेरिकेत मियाटा, बाकी जगात एमएक्स-५. आत १५९७ सीसीचं, चार सिलिंडरचं, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन. लोखंडी ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड. तक्रारी दोन होत्या. बेल हाऊसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या खोळीच्या, तळातून तेल टपकत होतं आणि थंड इंजिन सुरू केलं की टकटक आवाज येत होता. ज्या गॅरेजात दाखवली तिथलं निदान झटपट झालं. क्रँकचं, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गेलंय आणि आवाज बेअरिंगचा आहे. सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागणार. तो उतरवलाच आहे तर क्लच बदला, इंजिनही काढा, काढलंच आहे तर सिलिंडर बोअर करा, पिस्टन घाला. या 'उतरवलंच आहे तर'ला अंत नसतो. गॅरेजात न देता हे सगळं घरीच करायचं मी मनात धरलं होतं. साखळीवर टांगलेलं इंजिन पाहायची हौस कोणत्या हौशी माणसाला नसते?

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "तेल सगळ्यात वर कुठे ओलं आहे?"

खाली कुठे टपकतं ते सगळ्यांनीच विचारलं होतं. वरचं कोणी विचारलं नव्हतं. तेल उताराने खाली येतं, पंख्याच्या वाऱ्याने मागे ढकललं जातं, म्हणजे थेंब जिथे पडतो ती जागा बहुतेक वेळा निरपराधच असते. हे तुम्ही समजावलंत आणि काम दिलंत ते धुण्याचं. इंजिनाची मागची बाजू डिग्रीझर लावून ब्रशने घासायची, पूर्ण कोरडी करायची, मग त्यावर साधी टाल्कम पावडर फुंकायची. गाडी थोडी फिरवून आणायची आणि आरसा व टॉर्च घेऊन पाहायचं.

ते दृश्य मी विसरणार नाही. हेडच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याच्या) तोंडाशी हात जेमतेम जातो. आरशात सगळीकडे पांढरं पीठ, आणि त्या पिठातून खाली उतरणारी एकच तपकिरी रेघ. रेघेचं वरचं टोक कॅम अँगल सेन्सरच्या बुडाशी. तिथून ती हेडवरून उतरून, हीटरच्या रबरी नळ्यांना चाटून, बेल हाऊसिंगच्या सांध्यावर पसरली होती आणि त्याच्या तळातून बाहेर पडत होती. अगदी क्रँकचं सील गेल्यासारखी! तुम्हाला फोन केला तर तुम्ही "हं" एवढंच म्हणालात. तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं, असा माझा दाट संशय आहे. पण तुम्ही उत्तर सांगून टाकलं असतंत तर मी ते दहा निदानांतलं आणखी एक समजून बाजूला ठेवलं असतं.

हा सेन्सर कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, मागच्या टोकावर बसतो, एका १२ मिलिमीटर माथ्याच्या बोल्टने धरलेला असतो, आणि त्याच्या गळ्यात एक रबरी ओ-रिंग असते. सगळी गळती त्या रिंगेची. पाना पोचवायला जागा मिळावी म्हणून प्लगना ठिणगीची वीज देणारा कॉइल पॅक आधी बाजूला घ्यावा लागला. सेन्सर फिरवला की इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बदलतं, म्हणून काढण्याआधी त्याच्या अंगावर आणि हेडवर मिळून एक रेघ ओढायची, हे तुम्ही इतक्यांदा बजावलंत की मी दोन रेघा ओढल्या. जुनी रिंग बाहेर आली ती गोल राहिलेलीच नव्हती. बाहेरून चपटी, काळ्या प्लास्टिकसारखी कडक. नखाने वाकवायला गेलो तर कट्कन तुटली. नवीला ताजं तेल चोळलं, सेन्सरच्या शेपटीचे दात कॅमच्या खाचेशी जुळवले, ठोकाठोकी न करता हाताने दाबून बसवला. मग गाडी गरम करून डायग्नॉस्टिक बॉक्समधल्या टीईएन आणि जीएनडी या टोकांना तारेने जोडलं आणि टायमिंग लाइट लावून १० अंशांवर, म्हणजे पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या १० अंश आधी, टायमिंग पक्कं केलं. काही मालक ते मुद्दाम पुढे नेऊन ठेवतात. "आधी पुस्तकात आहे तिथे आण, मग हुशारी कर," हे तुमचं उत्तर. माझी हुशारी अजून सुरू झालेली नाही.

तेलाने फुगलेल्या हीटरच्या नळ्या त्याच वेळी बदलल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही, हाताची सालं निघाली एवढंच.

आवाजाचं प्रकरण मात्र मला जास्त भिववत होतं, कारण 'बेअरिंग' हा शब्द एकदा कानात शिरला की प्रत्येक आवाज बेअरिंगचाच वाटतो. तुम्ही फोन बॉनेटजवळ धरायला लावलात आणि ऐकून म्हणालात, "क्रँकच्या वेगाने मोज, निम्म्याने येतोय." कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे व्हॉल्व्हच्या बाजूचा आवाजही निम्म्या लयीचा. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं की आवाज खोल येतो, खालून येतो, आणि भार पडला की वाढतो. माझा आवाज वरचा, हलका, गाडी तापली की बंद होणारा. या इंजिनात व्हॉल्व्हचं अंतर राखायला हायड्रॉलिक अ‍ॅडजस्टर आहेत, प्रत्येक व्हॉल्व्हला एक असे सोळा. त्यांची तेलाची भोकं बारीक असतात. तेल जुनं झालं, गाडी बरेच दिवस उभी राहिली, की ते रिकामे होतात आणि टकटकतात.

तरी तुम्ही नुसत्या कानावर विसंबला नाहीत, आणि हे मला फार आवडलं. तेलाच्या दाबाचा काटा बघायला लावलात. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांमध्ये तो खरा काटा आहे, खरोखरचा दाब दाखवणारा. नंतरच्या गाड्यांत नुसता दिखाऊ काटा आला. बेअरिंग खाल्लेलं असतं तर इंजिन तापल्यावर, आयडलला, काटा खाली बसला असता. तो बसला नाही. मग कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. या १.६ लिटर इंजिनाच्या पुस्तकात दाबाचं प्रमाण १९२ पीएसआय आहे, १३५च्या खाली गेलं तर इंजिन उघडायचं. माझे चारही आकडे १७०च्या वर, आणि एकमेकांपासून फारसे लांब नाहीत. बोअर, पिस्टन, रिंगा, सगळी यादी त्या गेजच्या काट्यापाशी संपली. नवं तेल आणि फिल्टर घातला, गाडी नियमित चालवली. आता टकटक येते ती गाडी आठवडाभर उभी राहिली तरच, आणि तीही थोडा वेळ.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की बाई काहीच उघडू न देणाऱ्यांतल्या आहेत. तर तसंही नाही. जे मी बंदच ठेवणार होतो तेच तुम्ही उघडायला लावलंत.

क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारा टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याची नोंद गाडीच्या कागदांत नव्हती. साधारण ९६,००० किलोमीटरला तो बदलायचा असतो. माझा युक्तिवाद तयार होता: या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, मग घाई कशाला? तुम्ही म्हणालात, "इंजिन वाचेल. तू घाटात, अंधारात, वळणावर उभा राहशील त्याचं काय?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि बेल्टच्या निमित्ताने जी गोष्ट पाहायला लावलीत ती कॅम सेन्सरपेक्षाही मोलाची होती. क्रँकची पुली. "तिच्यातल्या खाचा मोज." चार निघाल्या. चार खाचा म्हणजे आखूड नाकाचा, म्हणजे पुढचं टोक आखूड असलेला, क्रँक, पहिल्या एक-दोन वर्षांतला. आठ असत्या तर नंतरचा, लांब नाकाचा. आखूड नाकावर मधला बोल्ट नीट ताणलेला नसेल तर पुलीला क्रँकवर धरणारी चावी, म्हणजे धातूची छोटी पट्टी, क्रँकवरच्या तिच्या खाचेत हलायला लागते, ती खाच रुंदावते, पुली डुलते, टायमिंग भटकतं. ते एकदा झालं की इलाज क्रँकपर्यंत जातो, आणि तेव्हा मात्र इंजिन खरंच उतरवावं लागतं. म्हणजे माझ्या इंजिनाला खरा धोका पुढच्या टोकाला होता आणि सगळे मागच्या टोकाकडे बोट दाखवत होते.

तो बोल्ट काढताना माझा श्वास अडकला होता. चावी काढून खाचेत बोट फिरवलं. कडा धारदार, कुठे दबलेली नाही, चावीवर चकाकता घासलेला पट्टा नाही. नवी चावी बसवली तर तीही घट्ट बसली. मग तुमचा टॉर्क रेंच, ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळायचा पाना. आखूड नाकाच्या बोल्टला १०८ ते ११८ न्यूटन-मीटर, लांब नाकाच्याला १५७ ते १६७. दुसऱ्याचा आकडा पहिल्याला लावायचा नाही, हे तुम्ही मला परत म्हणून दाखवायला लावलंत, शाळेत पाढे म्हणून घेतात तसं. व्हॉल्व्ह कव्हरच्या बोल्टना तर जेमतेम ५ ते ९ न्यूटन-मीटर, मनगटाचा जोर लावायचाच नाही. माझं मत विचाराल तर अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे वयाने कमी आणि उत्साही हातांनी जास्त जातात.

आणि ते दात. दोन्ही कॅम पुल्यांवर आय आणि ई अशा खुणा. त्या वर जुळल्या की दोघींच्या मध्ये बेल्टचे १९ दात यायला हवेत. अठरा नाही, वीस नाही. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरला हाताने रेटायचं नाही, बोल्ट सैल करून स्प्रिंगला तिचं काम करू द्यायचं आणि मग आवळायचं. इंजिन हाताने, घड्याळाच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवायचं आणि पुन्हा मोजायचं. मी मोजले, खडूने खुणा करून मोजले, एकोणीस भरले. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली तेव्हा तुम्ही फोनवर होतात. मी ओरडलो आणि तुम्ही विचारलंत, "काट्याचं काय?" काटा वर होता, बाई.

आता बेल हाऊसिंगखाली पुठ्ठा टाकून ठेवतो. कोरडा असतो. क्रँकचं मागचं सील अजून जुनंच आहे आणि त्याची काही तक्रार नाही. गिअरबॉक्स जागच्या जागी आहे. ज्या गॅरेजने तो उतरवायला सांगितला होता त्यांच्यावर राग नाही. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघणाऱ्याला खालचंच दिसतं. तुम्ही वरून सुरुवात केलीत, आणि गाडी तुमच्यासमोर नसतानाही केलीत.

तुमचा टॉर्क रेंच सोबत पाठवत आहे. स्प्रिंगवर ताण राहू नये म्हणून सगळ्यात खालच्या आकड्यापर्यंत उलटा फिरवून ठेवलाय, तपासून घ्या. डबीत एक ओ-रिंगही आहे. मागवताना दोन मागवल्या होत्या, कारण तुमच्या गाडीच्या हीटरच्या नळ्याही ओलसर असतात असं तुम्हीच मागे बोलून गेला होतात. तुमच्या पाठीला वाकणं झेपत नसेल तर मी येतो. आरसा आणि पावडर माझ्याकडे आहे.

तुमचा,
चार खाचांच्या पुलीवाला