सिस्टर, तुमची वही अजून देवळीत आहे

सिस्टर,

आबांचं तेरावं झालं, पाहुणे गेले. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण आमच्यासारखी घरं या पंचक्रोशीतही असणार.

आबांना तोंडाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, तरी गाठ पुन्हा आली. मोठ्या दवाखान्यात सांगितलं, 'आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या, सेवा करा.' सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही.

गालाची जखम फुटली होती. खरं लिहिते, त्या वासानं आमचं घर मोडत चाललं होतं. आबांची खाट पडवीत गेली. नातवंडं ताट लांबूनच सरकवायची. आबांना सगळं कळायचं. कुणी आलं की ते टॉवेल तोंडावर ओढून घ्यायचे. तुम्ही पहिल्या दिवशी आलात, थेट खाटेवर बसलात आणि म्हणालात, "आबा, आधी वासाचं बघू." जखम हलक्या हातानं धुऊन जंतू मारणारी मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून तिच्यावर भुरभुरायला शिकवलंत. साधी, स्वस्त गोळी! थोड्याच दिवसांत वास उतरला. मग एका संध्याकाळी धाकटी नात आपणहून आबांच्या खाटेवर जाऊन बसली. आबांनी टॉवेल ओढला नाही. हे आधी का नाही कुणी सांगितलं, याचा राग मला अजून येतो.

मॉर्फिनचं, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामक गोळीचं, नाव काढताच भाऊ बिथरला होता. 'नशा लागेल, लवकर जातील.' तुम्ही ओसरीवर बसून त्याला समजावलंत की दुखण्यासाठी मोजून दिलेल्या गोळीनं माणूस व्यसनी होत नाही, की मरण जवळ येत नाही. वहीत रकाने आखून दिलेत: दर चार तासांनी, कळ उठायची वाट न बघता, निजताना दुप्पट, आणि पोट साफ राहायचं औषध रोज. पण ती गोळी आम्हाला तालुक्यातल्या एकाही मेडिकलात मिळाली नाही. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यानं परवान्यांची अशी कुंपणं घातली की डॉक्टर आणि दुकानदार लांबच राहिले. २०१४ साली कायदा सुधारला, तरी भीती गेली नाही. आपल्याच देशात सरकारी परवान्यानं अफू पिकते आणि इथला म्हातारा रात्रभर कण्हतो, हे मला सहन होत नाही.

शेवटच्या आठवड्यात पेज भरवायचा आमचा हट्ट होता. "देह मिटायला लागला की भूक आधी जाते. तुम्ही त्यांना उपाशी ठेवत नाही आहात. ओठ ओले ठेवा," असं तुम्ही आईला सांगितलंत, तेव्हा ती कितीतरी दिवसांनी मोकळं रडली. घरघर लागली त्या रात्री दोन वाजता फोन केला. कुशीवर वळवा, हात धरा, बोलत राहा, म्हणालात. आम्ही बोलत राहिलो. विहिरीचं, बैलांचं, जत्रेचं. पहाटे आबा गेले. नात पायाशी झोपली होती.

केरळात मलप्पुरमला शेजारीपाजारीच आठवड्याचे काही तास देऊन असे रुग्ण सांभाळतात, आणि २००८ साली तिथल्या सरकारनं त्यासाठी धोरण आणलं, असं तुम्ही एकदा सांगितलं होतं. आईनं ते लक्षात ठेवलंय. तिच्या बचतगटातल्या तिघी तयार आहेत. तोंड पुसणं, कूस बदलणं, जखम धुणं शिकवायला कधी याल? आशाताईही येते म्हणालीय.

तुम्ही दिलेली हवेची गादी धुऊन, उन्हात वाळवून, गुंडाळून ठेवली आहे. पंपही चालू आहे. वरच्या वाडीत एका आजींना लागणार आहे असं कानावर आलंय. तुम्ही हो म्हणालात, तर उद्याच भाऊ नेऊन देईल.

तुमची,
आबांची थोरली