यंदा गौरी पुण्याला

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आईने मध्येच फोन बाबांच्या हातात दिला असता, म्हणून लिहितोय. यंदा गौरी आमच्याकडे बसतील. गुरुजींना विचारूनच ठरवलंय. अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन, त्यात काही फरक नाही. मुखवटे तेच, साड्या आई काढेल त्याच. बदल फक्त स्वयंपाकात. पोळ्या इथल्या काकूंकडून येतील, सोळा भाज्यांची मिळून एकच भाजी. नैवेद्यापुरतं पुरण घरीच. शिजवायला तुझी सून, वाटायला मी.

आई, तू पोळी उजेडात धरून बघतेस, पुरण कडेपर्यंत गेलंय की नाही. नसेल तर ती बाजूला. लहानपणी मला वाटायचं, तू माझ्यासाठीच मुद्दाम बिघडवतेस. अजूनही मला फाटकी पोळीच आवडते गं. पण त्यासाठी पहाटे चारपासून ओट्याशी? डॉक्टर गुडघ्यांबद्दल काय म्हणाले ते बाबांना पाठ आहे.

आणि आजीच्या वर्षीचं. राग मानू नकोस. पातेल्यावरचं झाकण काढताना दर वर्षी तुझा चेहरा कसा होतो, ते दिसतं मला. भाद्रपदातली दमट हवा, रात्रभर लाइट नाही, पुरण आंबणारच. आजी गेली ती हृदयविकाराने. तिने तर 'टाका ते, गूळ-पोळी वाढा' म्हणून विषय तिथेच संपवला होता. तूच धरून बसलीस.

बाबा, पूजा झाल्यावर तुम्हीच म्हणता ना, 'मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं'? राहिलं-सुटलं ते पूर्ण मानून घे, ही सोय पूजेतच आहे. आईला सोडून बाकीच्यांसाठी, असं थोडंच आहे?

तुमची खोली मागची, गाड्यांचा आवाज नाही. कमोड आहे, शेजारी धरायला दांडा बसवून घेतलाय. तीनचा चहा तीनलाच मिळेल. हळदीकुंकवाला आई खुर्चीत बसेल, बायका तिच्यापाशी येतील.

आता ऐका. ट्रंक काढायला कोणी स्टुलावर चढायचं नाही, मी येऊन काढीन. एसटी नाही, गाडी आणतोय. बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. आणि आई, गुपचूप पुरण शिजवून डब्यात आणायचं नाही, पिशव्या तपासणार आहे मी. मेतकूट सापडलं तर काही म्हणणार नाही.

तुमचा,
बाळू