गाडीत येणाऱ्या पाण्याविषयी विनायकास पत्र

रत्नागिरी,
रविवार, ११ ऑगस्ट २०२४

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र बुधवारी मिळाले. पुण्यात चार दिवस झड लागली होती, तुझी गाडी सोसायटीतल्या रेन ट्रीखाली उभी होती आणि सोमवारी पहिल्याच सिग्नलला ब्रेक दाबताच छतातून पाण्याची धार वहिनींच्या खांद्यावर आली, हे वाचून मला हसू आले. त्याबद्दल क्षमा असावी, कारण हसण्याचा अधिकार मला मुळीच नाही. आर्द्रा लागल्यापासून म्हातारा पाऊस संपेपर्यंत मी स्वतः गाडीत पोतेरे घेऊनच फिरत होतो. सनरूफच्या कडेने सिलिकॉन भरून घ्यावे काय, असे तू विचारले आहेस. तूर्त ते करू नकोस. का करू नकोस, हे सांगण्यासाठी माझ्या गाडीची सगळी हकिगत लिहितो.

सुरुवात वासाने झाली. सकाळी दार उघडले की बंद पेटीतल्या गोधडीसारखा कुबट वास येई, आणि समोरची काच आतून अशी धुरकट होई की एसी लावूनही दहा मिनिटे रस्ता दिसत नसे. मॅट कोरडी होती, त्यामुळे ओल आहे हे माझ्या ध्यानातच आले नाही. शेवटी एके दिवशी डाव्या बाजूची मॅट उचलून कारपेटवर अंगठा दाबला, तेव्हा बोटाच्या दोन्ही बाजूंनी पाणी वर आले. कारपेट वरून जेमतेम दमट लागते, पण त्याच्या खाली फेल्टचा जाड थर असतो आणि तो शेरच्या शेर पाणी पिऊन गप्प बसतो, हे मला त्या दिवशी कळले.

मी गाडी गॅरेजमध्ये नेली. गेल्या वर्षी महामार्गावर खडी उडून माझी पुढची काच फुटली होती आणि ती बदलली होती, एवढे ऐकताच तिथल्या कारागिराने तांब्याभर पाणीही न ओतता काच गळते असा निकाल दिला. काचेच्या चारी बाजूंनी सिलिकॉन फासले आणि अठराशे रुपये घेतले. दोन दिवस गाडीला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत राहिला आणि तिसऱ्या दिवशी पाऊस झोडपून गेल्यावर कारपेट पुन्हा पहिल्यासारखे भिजलेले होते. तो वास निरुपद्रवी नसतो, हे लक्षात ठेव. ज्या सिलिकॉनला तसा वास येतो ते सुकताना आम्ल सोडते, आणि उघड्या पत्र्याला त्याने गंज धरतो. शिवाय काचेच्या कडेला सिलिकॉनचा थर राहिला की पुढे काच खरोखरच नव्याने बसवायची वेळ आली, तर काच चिकटवण्याचा पॉलियुरेथेन त्यावर नीट धरत नाही. माझा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे. भोक कुठे आहे हे न शोधता बाहेरून लिंपत गेले, की आत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाटही कित्येकदा बुजते.

तुला आमचे जुने कौलारू घर आठवत असेल. मे महिन्यात घर शाकारताना आजोबा आधी माळ्यावर जाऊन अंधारात बसत आणि फुटक्या कौलातून कुठे उजेड दिसतो ते पाहत. जमिनीवर जिथे थेंब पडे त्याच्या बरोबर वरचे कौल ते कधीच बदलत नसत, कारण पाणी फुटक्या कौलातून शिरते, रिपेवरून वाशावर येते आणि वाशाच्या पोटाने दोन हात चालून भलतीकडे गळते. आढ्याचे पाणी वळचणीला, ही म्हण गाडीलाही तंतोतंत लागू पडते. पुढे शिरलेले पाणी कारपेटखालून मागच्या सीटपर्यंत जाते, आणि छतातले पाणी खांबाच्या आतून उतरून थेट पायाशी प्रकट होते.

म्हणून आधी मी हे पाणी पावसाचेच आहे ना, याची खात्री करून घेतली. एसी चालताना आत थंड पाणी सुटते आणि ते एका नळीने गाडीखाली टपकते. ती नळी तुंबली तर तेच पाणी पुढच्या डाव्या बाजूला पायाशी येते आणि माणूस उगाच पावसाला दोष देत बसतो. मी तीन दिवस एसी लावलाच नाही, तरी ओल वाढत गेली. इंजिनचे कूलंट जिच्यातून फिरते ती हीटरची कुंडी फुटली असती तर पाणी रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचे असते, तेही नव्हते. मग ग्लोव्ह बॉक्स उतरवून त्यामागचा एसीचा फिल्टर ओढून काढला. तो खालच्या अर्ध्या भागात ओलाचिंब होता, आणि पुरानंतर भिंतीवर राहते तशी एक तपकिरी रेघ त्यावर आडवी उमटली होती. गॅरेजमध्ये हा फिल्टर काढून पाहिला असता, तर काचेचे नाव कोणी घेतले नसते. तिथे पाणी येते ते हवेच्याच वाटेने येते.

तरीही मी साग्रसंगीत परीक्षा घेतली, आणि ती कशी घ्यावी हे तुझ्या उपयोगाचे आहे. पाऊस उघडलेला दिवस पाहून मी चिरंजीविणीला बॅटरी देऊन आत बसवले, उंबऱ्याच्या पट्टीवर आणि डॅशबोर्डखाली जिथे हात पोहोचला तिथे पांढरी रांगोळी भुरभुरली, आणि बागेची नळी तोंडाला काही न लावता धरली. सर्व्हिस सेंटरमधला प्रेशरचा फवारा यासाठी कामाचा नाही, कारण त्या जोराने धडधाकट रबरातूनही पाणी आत घुसते. पाणी खालून वर न्यायचे असते. आधी दाराचा खालचा भाग, मग दाराची बीडिंग, मग काच, मग वायपरखालची जागा आणि सर्वांत शेवटी छत, असा क्रम ठेवावा आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे तरी धीर धरावा. छतापासून सुरुवात केली तर सगळीच गाडी एकदम भिजते आणि काहीच कळत नाही. पुढच्या दारावर काही झाले नाही. काचेवर दहा मिनिटे पाणी सोडले, रांगोळी कोरडीच राहिली, म्हणजे बिचारी काच निर्दोष होती. वायपरखाली नळी धरल्यावर सहा-सात मिनिटांनी आतून आवाज आला, "बाबा, पंख्याच्या डब्यात टपटप वाजतंय." मी वाकून पाहिले, तो रांगोळीत एक काळी रेघ सावकाश खाली सरकत होती. विनायक, त्या क्षणी झालेला आनंद पगारवाढीच्या पत्रानेही मला कधी झाला नव्हता.

वायपरच्या खाली जी प्लास्टिकची जाळी असते, तिच्याखाली पत्र्याची एक पन्हळ असते. काचेवरून येणारे पाणी तीत जमते आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतून मडगार्डच्या आत उतरते. ब्लोअरचे, म्हणजे एसीच्या पंख्याचे, हवा आत घेण्याचे तोंडही त्याच पन्हळीत डाव्या अंगाला, थोड्या उंचीवर असते. वायपरचे हात काढण्यापूर्वी ते काचेवर नेमके कुठे टेकतात तिथे मी कागदी टेपच्या खुणा केल्या, नाहीतर परत बसवताना ते वाकडेतिकडे बसतात. जाळी उचलली, तेव्हा डाव्या कोपऱ्यात बकुळीची पाने, वाळकी फुले आणि शेणकाल्यासारखा काळा चिखल मिळून चांगला मूठभर गाळ निघाला. भोकाच्या तोंडाशी रबराची एक चपटी चोच होती, ती तर पूर्ण चिकटून बसली होती. पाणी साचत साचत ब्लोअरच्या तोंडाच्या काठापर्यंत चढे आणि तिथून सरळ आत ओघळे. घरी भिजणारी गाडी ऑफिसात दिवसभर पावसात उभी राहूनही कोरडी का राहते, याचाही उलगडा तेव्हा झाला. आमचे अंगण डावीकडे उतरते, त्यामुळे सगळे पाणी तुंबलेल्या कोपऱ्यात धावते. ऑफिसात जागा सपाट आहे आणि उजवे भोक एकटे काम भागवते. खराट्याच्या हिराने भोक मोकळे करायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत.

मी विजयी मुद्रेने घरात गेलो खरा, परंतु चार दिवसांनी मागच्या डाव्या सीटपुढे पुन्हा ओल आली. हे पाणी पुढूनच मागे सरकलेले असणार, असे मी इतके दिवस धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ही दुसरी गळती होती आणि ती माझ्याच हौसेने ओढवली होती. गेल्या दिवाळीत मी मागच्या दारांत मोठे स्पीकर बसवून घेतले होते. दाराच्या काचेवरून पाणी दाराच्या पोटात जातेच, ते जाऊ नये अशी कोणाची अपेक्षाही नसते, आणि म्हणूनच दाराच्या तळाला भोके ठेवलेली असतात. पोटातले ते पाणी माणसांकडे येऊ नये म्हणून आतल्या पॅडमागे एक प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. स्पीकरवाल्याने वायर ओढताना तो पडदा खालून फाडला होता आणि तसाच लोंबकळत ठेवून वर पॅड दाबून दिले होते. मी जाड पॉलिथिनचा नवा पडदा कापला, जुना डिंक रॉकेलच्या बोळ्याने पुसून ब्युटाइल रबराच्या काळ्या चिकटपट्टीने तो बसवला, आणि त्याची खालची कड दाराच्या पोटात सोडली. ही कड बाहेर राहिली तर पडद्यावरून उतरणारे पाणी बरोबर कारपेटवर येते, म्हणजे सगळी मेहनत वाया. तळाची भोके हिराने मोकळी केली. दोन्ही दुरुस्त्या मिळून माझे चारशे रुपयेही गेले नाहीत.

वाळवणे मात्र दोन्ही दुरुस्त्यांपेक्षा जिकिरीचे ठरले. आपल्याकडे जुलैत उन्हाची वाट पाहणे व्यर्थ असते. उंबऱ्याच्या पट्ट्या काढून मी कारपेट उचलले, खाली लाकडाचे ठोकळे घातले, जुन्या पंच्यांनी दाबून पाणी टिपले आणि बादलीत पिळून घरच्या तांब्याने मोजले, तर सहा तांबे भरले. मग टेबलफॅन चार दिवस चालू ठेवला, आणि संध्याकाळी गाडी फिरवताना बाहेरची हवा बंद करून एसी लावला, कारण एसी आतला दमटपणाही ओढून घेतो. सीट काढायचा मोह तुलाही होईल. सीटखाली पिवळ्या जोडण्या दिसल्या तर त्या एअरबॅगच्या असतात; त्यांना हात लावू नकोस आणि ते काम गाडीच्या बॅटरीच्या तारा आधी सोडवून जाणत्या माणसाकडूनच करून घे.

आता तुझ्या गाडीकडे वळतो. तू लिहितोस की डाग पुढच्या डाव्या खांबाजवळ छताच्या अस्तरावर आहे, आणि पाणी ब्रेक दाबल्यावरच पडते. याचा अर्थ छतात पाणी साचून राहते आणि गाडी पुढे झुकली की सांडते. सनरूफची काच पाणी पूर्णपणे अडवते, अशी समजूत सर्वत्र आहे, पण ती चुकीची आहे. रबराजवळून थोडे पाणी आत येणार हे धरूनच काचेभोवती एक पन्हळ दिलेली असते, आणि तिच्या कोपऱ्यांतून निघालेल्या नळ्या पुढच्या व मागच्या खांबांतून खाली उतरतात. रेन ट्रीची बारीक पाने त्या नळ्यांच्या तोंडाला अगदी मापाने शिवल्यासारखी बसतात. बाहेरून सिलिकॉन भरलेस तर काच उघडणार नाही, आणि पाणी बहुधा तरीही येईल.

गाडी सपाट जागी लाव, सनरूफ उघड आणि पन्हळीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात पेलाभर पाणी अगदी सावकाश ओत. ते अर्ध्या मिनिटात पुढच्या चाकाजवळ किंवा दाराच्या बिजागरीपाशी टपकले पाहिजे. कोपऱ्यातच उभे राहिले, तर नळी तुंबली आहे. त्यात गवत कापण्याच्या यंत्राची नायलॉनची दोरी हलक्या हाताने फिरवत सोड. कडक तार घालू नकोस, तिने नळीला भोक पडते. पंक्चरवाल्याकडची हवाही मारू नकोस, कारण त्या दाबाने नळी खांबाच्या आत जोडातून सुटते आणि मग अस्तर व खांबाचे आवरण उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्या आवरणामागे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असू शकते, म्हणून तिथे हौस नको. ओतलेले पाणी खाली व्यवस्थित उतरले आणि डाग तरीही वाढला, तर मात्र जोड आधीच सुटलेला असण्याची शक्यता आहे, आणि तेव्हा वॉरंटीत असलेली गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच ने. नेण्यापूर्वी डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिही आणि फोटो काढून ठेव, म्हणजे "हा डाग जुनाच असेल" असे कोणाला म्हणता येणार नाही.

पेल्याच्या परीक्षेचा निकाल मला लगेच कळव. माझ्याकडे डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात प्रत्येक मोठ्या पावसानंतर अजून अर्धी वाटी पाणी सापडते. मागच्या दिव्याच्या गॅस्केटवर माझा संशय आहे. पुढच्या रविवारी मी डिकीत बॅटरी घेऊन निजणार आहे आणि सौ. बाहेरून नळी धरणार आहे. तिने मान्य केले आहे, पण झाकण पुन्हा उघडण्याची हमी अजून दिलेली नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव