कुंडीतला वाफसा

पुणे,
होळीनंतरचा रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "रोज पाणी घालते तरी मोगऱ्याची पानं पिवळी पडतायत." मला त्या 'तरी'च्या जागी 'म्हणून' असावं अशी शंका आहे. फोनवर हे सगळं अर्धवट राहतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

बाबा, पाऊस पडून गेल्यावर रानात लगेच कुळव घालत नाहीत, वाफसा यायची वाट बघतात. कुंडीलाही तेच लागू. वाफशावरच्या मातीत ओल असते आणि कणांच्या मधल्या पोकळीत हवाही असते. मुळं त्या हवेतनं प्राणवायू घेतात. रोज पाणी पडलं की पोकळ्या पाण्यानंच भरून राहतात, मुळं गुदमरतात आणि मागोमाग बुरशी लागून कुजतात. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, त्यामुळे माती ओली असूनही झाड मान टाकतं. आपण ते तहानेनं कोमेजलंय असं समजून आणखी तांब्याभर ओततो. कुंडीतली बरीच झाडं अशी मायेनंच जातात.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. किती घालायचं हे कुंडी ठरवते, आणि ते दर वेळी भरपूरच. किती दिवसांनी घालायचं हे ऊन, वारा आणि झाड ठरवतं, ते सतत बदलतं. आठ इंची कुंडीला साधारण पाऊण ते एक लिटर, दहा इंचीला दीड, बारा इंचीला अडीच. खूण एकच, तळाच्या भोकातून पाणी ठिबकायला लागलं की थांबायचं. रोज कपभर शिंपडणं सगळ्यात वाईट. वरची दोन बोटं माती भिजते, खालची कोरडी राहते, मुळं ओलीसाठी वर येतात आणि मे महिन्यात तिथंच भाजतात.

घालायच्या आधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. बोटाला ओली माती चिकटली तर आज सुट्टी. कोरडं लागलं तर घाला. लहान कुंडी उचलून बघितली तरी कळतं. भिजलेली आणि वाळलेली यांच्या वजनातला फरक आठवड्याभरात हाताला समजतो.

आता आपल्या घरची खरी अडचण, काळी माती. नदीकाठची ती माती उसाला सोन्यासारखी असली तरी कुंडीत एकटी घातली तर नडते. ओली असताना चिकट होऊन हवा कोंडते, वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. भोकातून पाणी आलं म्हणजे झाड भिजलं असं आपल्याला वाटतं आणि मधला मुळांचा गड्डा कोरडा ठणठणीत राहतो. अशी कुंडी दिसली की वरची माती खुरप्यानं हलकी करून फट बुजवा आणि पाणी तीन हप्त्यांत घाला, मध्ये दहा-दहा मिनिटं थांबून. लहान कुंडी असेल तर बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. पुढच्या वेळी कुंडी भरताना काळी माती एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाड वाळू किंवा भाताचं तूस मिळून एक भाग घ्या. तळाशी खडीचा थर मात्र नको. बारीक मातीतलं पाणी ती पूर्ण भिजेपर्यंत खडीत उतरतच नाही, उलट चिखलाचा पट्टा मुळांजवळ येतो. भोकावर खापराचा एक तुकडा बास.

तुळशीचं जरा बोलते, रागावू नकोस. पूजेचं पाणी पळीभर घाल, तेवढ्यानं काही बिघडत नाही. रोजचा आख्खा तांब्या थंडीत आणि पावसाळ्यात तिला सोसत नाही. तहानेचं पाणी बोट खुपसूनच ठरव.

एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो आणि गच्चीचा स्लॅब खालून भाजतो. कुंड्या विटांवर ठेवा. आठ इंची कुंड्यांना रोज सकाळी पाणी, दुपारनंतर माती पुन्हा सुकली तर संध्याकाळीही. बारा इंचीला रोज किंवा एक दिवसाआड. मातीच्या कुंडीच्या अंगातूनही पाणी उडतं, त्यामुळे प्लास्टिकच्या कुंडीला तिच्यापेक्षा एक-दोन दिवस उशिरा लागतं. पाइप उन्हात पडलेला असेल तर आधीचं तापलेलं पाणी बाहेर सोडून द्या. मातीवर उसाच्या पाचटाचा दोन बोटं थर अंथरा, ओल बरीच टिकते. रसवंतीवरची चिपाडं आणू नका, त्यातल्या गोडीनं मुंग्या येतात. थंडीत तीन-चार दिवसांनी पुरतं. पावसाळ्यात नुसत्या भुरभुर पावसावर विसंबू नका, पानं भिजतात नि माती कोरडीच राहते. छज्ज्याखालच्या कुंड्यांना तर पावसाचा थेंबही मिळत नाही.

कोरफड आणि अडेनियमला माती पूर्ण वाळल्यावरच, थंडीत तर पंधरा-वीस दिवसांनीही चालेल. हॉलमधल्या मनीप्लांटला आठवड्यातून एकदा. जास्वंद तेवढी खादाड, उन्हाळ्यात तिची एक पाळी चुकली की कळ्या गाळते. कढीपत्ता थंडीत पानं टाकतो, तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका.

बोअरचं पाणी जड असतं. कुंडीच्या कडेला जो पांढरा खार धरतो तो त्याचाच. महिन्या-दीड महिन्यातून एकदा कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतून तो धुवून काढा. पाण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी कुंड्यांना नको, त्यात क्षार आणखी दाट असतात. एसीचं पाणी चालतं. आणि कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी अर्ध्या तासानं ओतून टाकत जा. मुळांसाठी तर हवंच, शिवाय डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात.

मे महिन्यात आठ दिवस इकडे याल तेव्हा सगळ्या कुंड्या जिन्याखालच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा आणि निघायच्या दिवशी भरपूर पाणी द्या. मधे विटांवर भरलेली बादली ठेवून सुती दोरीचं एक टोक तिच्या तळापर्यंत सोडा, दुसरं कुंडीत चार बोटं पुरा. दोरी आधी भिजवून घ्या, नायलॉनची चालत नाही. बाबा, ती बादली तांब्यानं जागेवरच भरा, भरलेली उचलू नका.

आता मोगरा. उद्या सकाळी तळाचं भोक बंद झालंय का बघा, मुळांनी बऱ्याचदा बंद होतं. मग पाणी थांबवून माती सुकू द्या. चार दिवसांत फरक पडला नाही तर कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढा. मुळं पांढरी-कडक असतील तर ठीक. तपकिरी, मऊ आणि वास मारणारी असतील तेवढी स्वच्छ कात्रीनं कापा, वरच्या फांद्याही तिसरा हिस्सा छाटा, नव्या मोकळ्या मातीत लावा आणि आठवडाभर सावलीत ठेवा. खत महिनाभर नको. मुळांचा फोटो पाठवा, म्हणजे किती कापायचं ते सांगते.

तुमची,
लेक