पन्नाशीतली फॉस्टर आई

प्रिय सुमे,

तुझा कळसूबाईवरचा फोटो बघितला, जळले ग मी! एका बाकावरच्या आपण, तुझी पाळी अजून चालू आणि माझी 44 लाच गेली. डॉक्टर म्हणाल्या आपल्याकडे साधारण 46-47 ला जाते, दोन-तीन वर्षं इकडेतिकडे चालायचंच. गुडघ्यांना कोण सांगणार ते. आणि आमचे हे 53 चे, एक केस पांढरा नाही मेला.

बरं, पोरीबद्दल विचारलंस. दत्तक नाही ग, फॉस्टर. बालकल्याण समितीच्या ऑर्डरने आलीये, आईचं बरं झालं की परत जाणार, तोच तर उद्देश असतो. काकू म्हणतात मग जीव कशाला लावता. घ्या, आता भाजीची जुडी आहे का ती!

तिचं वय कुणालाच माहीत नाही. आईबाप ऊसतोडीला, दरवर्षी कोयता घेऊन बाहेर, जन्मदाखला नाही, शाळेत नाव नाही, मग मनगटाचा वगैरे एक्स-रे काढून 11 ठरवलं, त्यातही वर्ष-दोन वर्षं मागेपुढे. आली तेव्हा 8 ची वाटायची. पोटभर खायला लागली तशी दिवाळीच्या चपला संक्रांतीला होईनात, आणि परवा पाळीच आली. कुपोषित पोरींचं खाणं सुधारलं की कधीकधी असं होतं म्हणे, शरीर घाई करतं. घरात एक पॅड नाही! रात्री ह्यांना मेडिकलवर पिटाळलं. ही बाथरूमच्या दाराआडून विचारते, मावशी, तुमची पण पिशवी काढली का?

तिच्या आईची गर्भपिशवी काढलीये ना. आधारवर 31 वर्षं, भेटायला आली तर गेटवरच्या माणसाने विचारलं, आजी कोणाकडे? मी तिच्याहून तरुण दिसते सुमे, मी! पाळीत खाडा नको, मुकादम पैसे कापतो, म्हणून काढून टाकतात. 2019 ला नीलम गोऱ्हेंच्या समितीपुढे आकडे आले होते, आपल्या बीडच्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांत 13 हजारांवर जणींची पिशवी काढलेली. तेव्हा पेपरात वाचून पान उलटलं होतं, आता ती बाई महिन्यातून एकदा समोर बसून कंबर धरत धरत लेकीची वेणी घालते. मी घातलेली तिला आवडत नाही, सैल होते म्हणते, आणि खरंच होते.

तर काम असं, तुझ्या लेकीचे जुने कुर्ते असतील तर कुरिअर कर, जरा मोठेच पाठव. आणि तू कॅल्शियमची गोळी कुठली घेतेस ते लिही, डॉक्टरांना दाखवून आम्हा दोघींना सुरू करते.

तुझी,
माई
अंबाजोगाई