स्ट्रायकर सोंगटीतून आरपार का जातो

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. कॅरम फोनवर आणायला घेतलास, याचा फार आनंद झाला. तुझ्या तीन तक्रारी आहेत. जोरात मारलेला स्ट्रायकर सोंगटीतून आरपार जातो, कट (सोंगटीच्या मध्याऐवजी बाजूला लागणारा फटका) मारला की सोंगटी भलतीकडेच पळते, आणि तुझ्या फोनवर नीट सरकणारी सोंगटी ताईच्या नव्या फोनवर लवकर थांबते. तिन्हींचं मूळ एकच आहे. तुझा खेळ वेळ मोजतो फ्रेममध्ये, म्हणजे स्क्रीनवर उमटणाऱ्या एकेका चित्रात, आणि सोंगटी सरकते सेकंदात.

आधी मापं खरी घे, पिक्सेलमध्ये विचार करू नकोस. खेळायची जागा ७४ सेंटिमीटर चौरस, सोंगटीचा व्यास सुमारे ३.१ आणि वजन साडेपाच ग्रॅमपर्यंत, स्ट्रायकर जास्तीत जास्त ४.१३ सेंटिमीटर आणि १५ ग्रॅम, पॉकेट ४.४५. आता स्ट्रायकर सेकंदाला ५ मीटर वेगाने निघाला असं धर. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एका फ्रेममध्ये तो ८.३ सेंटिमीटर पुढे जातो. दोघांच्या त्रिज्यांची बेरीज ३.६, म्हणजे अगदी समोरासमोरच्या टकरीतही ते एकमेकांवर आलेले असतात ते फक्त ७.२ सेंटिमीटरच्या पट्ट्यात. या फ्रेमला स्ट्रायकर पट्ट्याच्या अलीकडे, पुढच्या फ्रेमला पलीकडे. तुझ्या कोडला मधलं काही दिसतच नाही.

म्हणून पहिलं काम हे कर. भौतिकीची पावलं, म्हणजे जागा आणि वेग पुढे सरकवण्याचं एकेक गणित, चित्रापासून तोड आणि पाऊल १/२४० सेकंदाला पक्कं बांध. प्रत्येक फ्रेमला गेलेला वेळ एका साठ्यात टाकायचा आणि साठ्यात पाऊलभर वेळ आहे तोवर एकेक पाऊल चालवायचं. उरलेल्या वेळाला पावलाने भागून जो अपूर्णांक येतो, तेवढ्या प्रमाणात मागची जागा आणि आताची जागा यांच्या मध्ये सोंगटीचं चित्र काढायचं. हे मिश्रण केलं नाहीस तर सेकंदाला ९० वेळा चित्र बदलणाऱ्या (९० हर्ट्झच्या) स्क्रीनवर सोंगटी थरथरत सरकेल, कारण तिथे एका फ्रेमला दोन पावलं पडतात, तर दुसरीला तीन. साठ्यात एका वेळी पाव सेकंदापेक्षा जास्त टाकू नकोस. नाहीतर फोन आला, खेळ मागे गेला आणि परत आला की कोड हजारो पावलं एकदम चालवायला बसेल आणि स्क्रीन गोठेल.

पण नुसतं पाऊल लहान करून कट सुधारत नाही, इथे बरेच जण फसतात. १/२४० ला स्ट्रायकर २.१ सेंटिमीटर जातो, म्हणजे टक्कर कळते तेव्हा तो सोंगटीत दोन सेंटिमीटरपर्यंत घुसलेला असू शकतो. सोंगटीचा मध्यबिंदू स्ट्रायकरच्या मध्याच्या मार्गापासून १.८ सेंटिमीटर बाजूला आहे असं समज. खरी टक्कर झाली तर सोंगटी स्ट्रायकरच्या दिशेशी ३० अंशाचा कोन करून निघते. घुसल्यावर मोजलंस तर मध्यबिंदू जोडणारी रेषाच फिरलेली असते आणि तोच कोन ६० अंशापर्यंत जातो. पॉकेट चुकणारच. चूक तुझ्या नेमाची नाही, टक्कर ज्या क्षणी मोजली त्या क्षणाची आहे.

तेव्हा स्पर्शाचा नेमका क्षण काढ. दोघांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर सदिश रूपात घे, सापेक्ष वेग घे, आणि ते अंतर त्रिज्यांच्या बेरजेइतकं कधी होतं याचं वर्गसमीकरण मांड. अंतर आणि वेग यांचं डॉट प्रॉडक्ट शून्य किंवा धन आलं तर दोघं जवळ येत नाहीत, ती जोडी सोड. समीकरण सोडवताना वर्गमुळाखालची संख्या ऋण आली तर गाठच पडत नाही. नाहीतर दोन उत्तरांतलं लहान ते घे. सगळ्या जोड्यांत आणि चारही कडांशी सर्वांत आधीचा क्षण शोध, सगळ्यांना तिथवर ने, ती एक टक्कर सोडव आणि पावलातला उरलेला वेळ घेऊन पुन्हा शोध. १९ सोंगट्या आणि स्ट्रायकर मिळून जोड्या होतात १९०. आजचा कोणताही फोन हे सहज करतो, त्यासाठी बोर्डाचे चौकोन पाडून शोध घेण्याची गरज नाही. एका पावलात किती टकरी सोडवायच्या याला मात्र मर्यादा घाल, शंभर वगैरे.

टक्कर सोडवताना वजनं खरी ठेव. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर साडेपाच ग्रॅमच्या सोंगटीवर सरळ आदळला आणि उसळीचा गुणांक (टकरीनंतर दूर जाण्याचा वेग भागिले आधीचा जवळ येण्याचा वेग) ०.९ धरला, तर सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या १.३९ पट वेगाने सुटते आणि स्ट्रायकर ०.४९ पट वेगाने तिच्या मागे जातो. दोघांना सारखं वजन दिलंस तर स्ट्रायकर बिलियर्डच्या चेंडूसारखा जवळजवळ जागीच थांबेल, आणि कॅरम खेळलेल्या माणसाला ते पहिल्या फटक्यातच खटकेल. सोंगटीमागोमाग स्ट्रायकर पॉकेटमध्ये जाण्याची ती धाकधूक खेळात हवीच.

आता ताईचा फोन. तू दर फ्रेमला वेग ०.९८ ने गुणतोस. ६० फ्रेमला एका सेकंदानंतर ३० टक्के वेग उरतो, १२० फ्रेमला जेमतेम ९ टक्के. शिवाय हे घर्षणच नाही. पावडर टाकलेल्या बोर्डावरचं घर्षण वेग कितीही असला तरी जवळपास सारखंच असतं. दर पावलाला वेगातून घर्षणांक गुणिले ९.८१ गुणिले पावलाचा वेळ एवढं वजा कर, आणि वेग त्यापेक्षा कमी उरला असेल तर सरळ शून्य कर. गुणाकाराने सोंगटी कधी पूर्ण थांबत नाही, शेवटी मुंगीसारखी रांगत राहते आणि पुढची पाळी सुरूच होत नाही.

घर्षणांक अंदाजाने टाकू नकोस, मोज. घरच्या बोर्डाची एक बाजू उचल, सोंगटीला हलकी टिचकी दे, आणि कोणत्या उंचीला ती एकाच वेगाने घसरत राहते ते बघ. उंचीला बोर्डाच्या पायाच्या लांबीने भागलं की आकडा हातात. बोर्डाच्या उचललेल्या लांबीच्या दहाव्या भागाइतकी उंची लागली, तर घर्षणांक सुमारे ०.१. पावडर टाकून आणि न टाकता, दोन्ही मोज. मला हा सगळ्या कामातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

पॉकेटमध्ये सोंगटी पडली हे ठरवताना तिचा मध्यबिंदू पॉकेटच्या कडेच्या आत आला की पुरे. पूर्ण सोंगटी आत मावली पाहिजे अशी अट घातलीस, तर कोपऱ्यात दोन्ही कडांना टेकलेली सोंगटी पॉकेटवर बसून राहील. तिचा मध्य पॉकेटच्या मध्यापासून ०.९५ सेंटिमीटरवर असतो आणि तुझी अट मागते ०.६७.

टकरींचं गणित करणारं तयार इंजिन वापरायचं म्हणतोस, तर एरिन कॅटोचं बॉक्स-टूडी उत्तम आहे, अँग्री बर्ड्स त्यावरच चालत असे. पण ते साधारण १० सेंटिमीटर ते १० मीटरच्या वस्तूंसाठी जुळवलेलं आहे. ५ मिलिमीटरची ढिलाई ते चालवून घेतं, आणि सेकंदाला १ मीटरहून हळू टकरींना मूळ मांडणीत उसळीच देत नाही. कॅरममध्ये बऱ्याच टकरी त्याहून हळू असतात. म्हणून १० सेंटिमीटरला एक एकक धर, उसळीची मर्यादा खाली आण, आणि स्ट्रायकरला ‘बुलेट’ची, म्हणजे वेगवान वस्तूची, खूण लाव, नाहीतर त्याची सोंगट्यांतून आरपार जाण्याची चूक तशीच राहते. गुरुत्व शून्य ठेव, घर्षण वर सांगितलं तसं स्वतः लाव. त्यातलं लिनिअर डॅम्पिंग (वेग त्याच्याच प्रमाणात कमी करणं) म्हणजे तुझं ०.९८ च.

मधल्या सोंगट्या फोडण्याचा पहिला फटका सर्वांत नाजूक. एकमेकींना अचूक चिकटलेल्या सोंगट्या बॉक्स-टूडीत गठ्ठ्यासारख्या ढकलल्या जातात, धक्का एकीतून दुसरीत नीट पोहोचत नाही. तुझ्या स्वतःच्या पद्धतीत उलट सगळ्या टकरी शून्य वेळात येतात, आणि यादीत आधी असलेली जोडी आधी सुटल्यामुळे दरवेळी एकाच बाजूला फुटतं. तुझ्या पद्धतीत यावर उपाय सोपा, सोंगट्यांमध्ये ०.०२ ते ०.१ मिलिमीटरची अनियमित फट ठेव. हाताने मांडलेल्या सोंगट्याही काटेकोर चिकटलेल्या नसतातच.

दोन फोनवर खेळवताना फटींचा बीजांक (ज्या आकड्यापासून त्या अनियमित फटी तयार होतात तो) एकानेच ठरवून दुसऱ्याला पाठव. तरीही दोन वेगळ्या प्रोसेसरवर दशांशांची गणितं तंतोतंत जुळतील यावर विसंबू नकोस. ज्याने फटका मारला त्याच्या फोनने शेवटी वीसही जागा पाठवाव्यात. प्रत्येकीचे दोन आकडे, चार-चार बाइटचे, म्हणजे सगळे मिळून १६० बाइट.

चित्राचं विशेष काही नाही. सोंगटीखाली एका बाजूला दोन मिलिमीटर सरकलेली मऊ सावली दे, पांढरी सोंगटी फिकट लाकडावर तिच्यामुळेच उठून दिसते.

घर्षणांक मोजलास की आकडे कळव, पावडरचा आणि बिनपावडरचा वेगवेगळा. मग स्ट्रायकरच्या फिरकीचं पुढच्या पत्रात लिहितो.

तुझाच,
मित्र